ओहमचा नियम कंपनीचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण, गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत आलेलं एका निवृत्त अधिकाऱ्यांचं पत्र. नोकरीत असताना इंटरनेटवर स्वतःचा डंका पिटणारे लोक हा त्यांचा विषय. पगार एकाचा घ्यायचा आणि जाहिरात स्वतःची करायची म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं, असं त्यांचं म्हणणं. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना आठवलं की चार वर्षांपूर्वी मीही हेच बोलत होते, आणि त्यांच्याहून चढ्या आवाजात.

मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे. दाब मोजणारे प्रेशर गेज, तापमान मोजणारे थर्मोकपल आणि आरटीडी नावाचे सेन्सर, वजनं ही सगळी मापं खरं बोलतात की नाही हे तपासणं माझं काम. एकाच कंपनीत वीसहून जास्त वर्षं झाली. आमच्या कामाची खूण म्हणजे गेजवर चिकटवलेला बोटभर स्टिकर. त्यावर तपासल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याची दोन आद्याक्षरं. पुढच्या वर्षी नवा स्टिकर लावताना जुना खरवडून टाकतात. मी आजवर किती स्टिकर लावले याचा हिशेब नाही, पण दोन वर्षांपूर्वीचा एकही आज जागेवर नसेल. याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

वाटायला लागलं ते एका गुरुवारी. माझ्याहून सात वर्षं आधी लागलेले एक सहकारी होते. सगळे त्यांना ‘सर’च म्हणायचे, कारण लॅबमधल्या निम्म्या लोकांना त्यांनी हाताला धरून शिकवलं होतं. त्यांचा विभाग बंद झाला. दुपारी चारला बोलावणं आलं, साडेचारला लॅपटॉप जमा. पाच वाजता मी खाली गेले तर ते गेटजवळच्या बाकावर बसलेले. घरी फोन करायचा होता, पण फोन कंपनीचा, तोही जमा झालेला. माझ्या फोनवरून करा म्हटलं, तर त्यांना घरचा नंबर सलग आठवेना.

पुढचं हळूहळू कळत गेलं. त्यांचं व्यावसायिक ओळखीचं जे एकुलतं एक ऑनलाइन खातं होतं, ते ऑफिसच्या मेलवर उघडलेलं. पासवर्ड बदलायला गेलं की कोड त्या मेलवर जायचा, आणि तो मेल गुरुवारीच बंद झालेला. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांच्या प्रती ऑफिसच्या फोल्डरमध्ये. लोकांचे नंबर ऑफिसच्या सिममध्ये. बायोडेटा लिहायला बसले तर २६ वर्षांचं काम दीड पानात संपलं, तेही तारखा आठवून आठवून. एका मुलाखतीत त्यांना विचारलं, तुम्ही केलेलं काही बघायला मिळेल का? ते मला हसत हसत सांगत होते, “कॅलिब्रेशनवाल्याने काय दाखवायचं? न चुकलेलं रीडिंग?”

निवृत्त अधिकाऱ्यांना माझा प्रश्न इथे आहे. सरांनी कंपनीशी बेइमानी केली नव्हती. कंपनीनेही नियमाबाहेर काही केलं नाही. लॅपटॉप तिचा, मेल तिचा, सिम तिचं. २६ वर्षांत ‘आपलं’ म्हणून काही वेगळं ठेवायचं तेवढं राहून गेलं. ते ठेवलं असतं तर कंपनीचं काय बिघडलं असतं?

त्या रात्री मी स्वतःचं नाव इंटरनेटवर शोधून पाहिलं. माझ्या नावाची एक दंतवैद्य निघाली, एक मॅरेथॉन धावणारी निघाली, आणि बऱ्याच खाली एका जुन्या परिसंवादाच्या उपस्थितांच्या यादीत मी. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं.

मग मी जे केलं ते कोणी करू नये म्हणून सविस्तर सांगते. भाच्याने लिंक्डइनवर खातं काढून दिलं. (ही साइट २००३ पासून चालू आहे, मीच तोवर तिकडे फिरकले नव्हते.) रविवारी रात्री जेवणं आटोपून बसले आणि १९ वर्षांतले सगळे हुद्दे, सगळ्या बढत्या, सगळी प्रशिक्षणं एकेक करून भरली. प्रत्येक नोंदीनंतर जतन करायचं बटण. त्या बटणाच्या आसपास ‘हा बदल ओळखीच्यांना कळवायचा का’ अशी एक कळ असते आणि ती चालू होती, हे माझ्या गावीही नव्हतं. सकाळी उठले तर अभिनंदनाचे संदेश. नव्या जबाबदारीबद्दल शुभेच्छा! जबाबदारी २०११ सालची.

सोमवारी अकराच्या सुमाराला मी ऑइल बाथसमोर, म्हणजे सेन्सर तपासायच्या गरम तेलाच्या टाकीसमोर उभी होते. बाथ २०० अंशांवर स्थिर व्हायची वाट बघत होते, म्हणजे जागचं हलता येत नव्हतं. साहेब शेजारी येऊन उभे राहिले. थोडा वेळ तेही आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले,

“मॅडम, कुठे चाललात?”

“कुठेच नाही, सर.”

“नाही, जायला हरकत नाही. सांगून जा म्हणजे झालं.”

“सर, खरंच कुठे नाही. केलेलं काम फक्त लिहून ठेवलं.”

“एकदम?”

त्या ‘एकदम?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही साहेबांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. १९ वर्षं ज्या बाईचं नाव कुठे दिसलं नाही, तिने एका रात्रीत सगळं मांडून ठेवलं तर बघणाऱ्याने दुसरा काय अर्थ काढायचा? पुढच्या वर्षी बाहेरच्या प्रशिक्षणाला पाठवायच्या यादीतून माझं नाव गळलं. कोणी काही बोललं नाही. जाणाऱ्या माणसावर खर्च कशाला, इतका साधा हिशेब असणार.

माझं म्हणणं एवढंच आहे. लोक हे काम राजीनामा डोक्यात घोळायला लागल्यावर सुरू करतात, आणि नेमकं तेव्हाच ते सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. नोकरी सोडायचा विचारही नसताना, महिन्याला थोडं थोडं करत गेलं, तर कोणाच्या भुवया वर जात नाहीत, कारण दिसण्यासारखं नवं असं काही घडतच नाही. त्याच साइटवर ‘कामाच्या शोधात’ अशी हिरवी कड फोटोभोवती लावता येते. ती कड न लावता फक्त भरती करणाऱ्यांनाच हे कळेल असा दुसरा पर्यायही आहे, आणि तुमच्याच कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ते लपवायचा प्रयत्न साइट करते. पण पूर्ण गुप्ततेची हमी देता येत नाही, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. भरतीचं काम बाहेरच्या एजन्सीकडे असेल, तर तिथला माणूस आपल्या साहेबांच्या ओळखीचा निघायला कितीसा वेळ लागतो?

त्या सोमवारनंतर मी पहिलं काम केलं ते नेमणूकपत्र शोधण्याचं. रुजू होताना सही केली तेव्हा पगाराचा आकडा आणि रुजू व्हायची तारीख एवढंच वाचलं होतं. आता सगळं वाचलं. गोपनीयतेचं कलम होतं, ते अपेक्षित होतं. कामाच्या ओघात तयार झालेली प्रत्येक गोष्ट कंपनीच्या मालकीची, असंही एक कलम होतं. ते काही आमच्याच कंपनीने काढलेलं नाही. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीचा हक्क मालकाकडे जातो, हे कित्येक देशांच्या कायद्यांत आहे. तिसरं कलम परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय न करण्याचं. लिहिणं हा व्यवसाय आहे का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून एचआरला चार ओळींचा मेल टाकला: सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या कॉम्प्युटरवर, मापनशास्त्राच्या सर्वसाधारण विषयांवर विनामूल्य लेख लिहायचे आहेत, कंपनीचं, ग्राहकाचं नाव किंवा आकडे त्यात येणार नाहीत, हरकत असल्यास कळवावं. उत्तर ११ दिवसांनी आलं. हरकत नाही, मात्र कंपनीच्या वतीने बोलत असल्याचा भास होऊ नये. तो मेल छापून मी नेमणूकपत्राला टाचून ठेवलाय. ‘मतं वैयक्तिक आहेत’ ही ओळ हल्ली प्रत्येकाच्या प्रोफाइलवर असते. माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही. ग्राहकाचा आकडा चव्हाट्यावर मांडून खाली मत वैयक्तिक म्हटलं, तर आकडा वैयक्तिक होत नाही.

पहिला लेख लिहिला दोन तारांच्या आरटीडीवर. वाचकांपैकी थोड्यांनाच यात रस असेल, तरी मला राहवत नाही म्हणून सांगते. पीटी-१०० नावाचा प्लॅटिनमचा आरटीडी शून्य अंशाला १०० ओहम इतका विद्युत रोध दाखवतो आणि पुढे दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. तो फक्त दोन तारांनी जोडला तर तारांचा स्वतःचा रोधही त्याच हिशेबात जमा होतो. जाण्यायेण्याच्या तारांचा रोध मिळून एक ओहम भरला, तर तापमान अडीच अंशांहून जास्त चढून दिसतं. सेन्सर चांगला, मीटर चांगला, तारा चांगल्या, आणि तरी रीडिंग खोटं. नव्या मुलांना हे मी शंभरदा फळ्यावर काढून दाखवलं असेल. तेच घरी बसून लिहिलं. ओहमचा नियम कंपनीचा नाही, प्लॅटिनमचा गुणही कंपनीचा नाही. अमुक ग्राहकाच्या अमुक भट्टीत अडीच अंश जास्त येत होते, हे मात्र कंपनीचं. मला रेघ ओढायची होती ती इथे, आणि वाटलं होतं त्यापेक्षा ती सोपी निघाली.

लेखाच्या शेवटी मी ठोकून दिलं होतं की तीन तारा वापरल्या की ही चूक जाते. आठवड्याने एका अनोळखी माणसाचा निरोप आला. “ताई, तिन्ही तारांचा रोध सारखा असेल तरच जाते. एका टर्मिनलला गंज चढला असेल तर?” अगदी बरोबर. बारीक काम असेल तर चार ताराच लागतात, हे मला माहीत होतं आणि लिहिताना मी ते गाळलं होतं. लॅबमध्ये मला असं टोकणारं आता कोणी उरलेलं नाही. मी सगळ्यात जुनी. दुरुस्ती केली, खाली त्यांच्या परवानगीने आभार मानले. लेखाखाली पडलेलं पहिलं नाव ते. आज तीन वर्षांत असे २२ लेख झालेत. कुठल्याही लेखाला चार-पाचशेच्या वर वाचक नाहीत, आणि काही महिने तर काहीच लिहून झालं नाही.

एकदा घसरलेही. डेडवेट टेस्टरचा, म्हणजे वजनं ठेवून दाबाचे गेज तपासायच्या यंत्राचा, एक छानसा फोटो टाकला, पितळेवर उजेड पडलेला. फोटो घ्यायला रीतसर विचारलं होतं. तासाभराने भाच्याचा फोन. “मावशी, मागच्या फडताळावरच्या गेजचा टॅग मोठा करून बघ.” टॅगवर ग्राहकाचं नाव आणि गेजचा नंबर, स्वच्छ वाचता येईल असा. फोटो काढून टाकला, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना स्वतःहून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण मला त्या रात्री झोप लागली नव्हती. फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात वेळ आणि कधीकधी ठिकाणही नोंदलेलं असतं, हेही तेव्हाच कळलं. आता लॅबचा फोटो टाकतच नाही. वहीवर पेनाने आकृती काढते आणि तिचा फोटो घेते. लोकांना ती जास्त आवडते, असं दिसतं.

आता पत्रलेखकांच्या ‘बेइमानी’ या शब्दाकडे येते. आमच्या कामात एक तक्ता रोज लागतो. मोजकीच रीडिंग घेतली असतील तर त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा हे तो सांगतो. ९५ टक्के खात्री हवी असेल तर पाच रीडिंगला गुणक २.७८, दहा रीडिंगला २.२६. या तक्त्याला जगभर ‘स्टुडंटचं टी’ म्हणतात. स्टुडंट म्हणजे विद्यार्थी असं समजून मी कित्येक वर्षं तो वापरत होते. तो माणूस होता विल्यम सीली गॉसेट, डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीचा नोकर. १८९९ मध्ये तो तिथे लागला. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापायचं नाही, असा कंपनीचा दंडक. म्हणून १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या नावाने निबंध छापला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे. आपलं गणित पडताळायला त्याने कंपनीचा एकही आकडा घेतला नाही. ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी आधी छापून आलेली होती, तीच त्याने पुठ्ठ्यांवर लिहिली, पुठ्ठे पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. कंपनीच्या धान्याबद्दल त्यातून कोणाला काही कळलं नसतं. नोकरी त्याने सोडली नाही. १९३७ मध्ये वारला तोवर तो गिनेसमध्येच होता. त्याला कोणी बेइमान म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. नाव तेवढं आजही तक्त्यावर टोपणच राहिलं, आणि याचं मला थोडं वाईट वाटतं.

दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही माझं जमत नाही, हे सांगायला हवं. स्वतःचा ब्रँड बनवा, रोज पोस्ट टाका, पहाटे पाचला उठून टाका, असा धोशा लावणारे. रोज सांगण्याजोगं एखाद्याच्या कामात असतं तरी काय? माझ्या ओळखीतल्या एकाने या नादात कामाच्या वेळेत पोस्टी टाकायला सुरुवात केली. प्रत्येक पोस्टीखाली वेळ छापलेली असते, हे तो विसरला. त्याच्या वरिष्ठांच्या ते लक्षात राहिलं. आणि जायचं ठरल्यावर शेवटच्या आठवड्यात ऑफिसच्या फाइली स्वतःच्या मेलवर पाठवणारे तर वेगळेच. त्याला नाव करणं म्हणत नाहीत, त्याला उचलेगिरी म्हणतात. तिथे पत्रलेखकांशी मी शंभर टक्के सहमत आहे.

सरांना मी त्यानंतर जे करून दिलं ते अगदी साधं होतं. स्वतःचा मेल, स्वतःचं सिम, आणि सगळी खाती त्या दोन्हींवर. जी प्रमाणपत्रं त्यांच्या स्वतःच्या नावाची होती, त्यांच्या प्रती देणाऱ्या संस्थांना पत्रं लिहून परत मागवल्या. सहापैकी चारांकडून आल्या. मीही एक वही घातली आहे. काय शिकले, कोणत्या प्रकारच्या अडचणी सोडवल्या, कधी. नावं नाहीत, आकडे नाहीत. महिनाअखेरीला पाच मिनिटं लागतात. सर आता एका प्रशिक्षण संस्थेत शिकवतात. तिथे जाण्याआधी त्यांनी दोन लेख लिहिले होते, एक वजनांवर आणि एक थर्मोकपलच्या थंड टोकावर. दुसरा माझ्या सगळ्या लेखांहून चांगला आहे, हे मला त्यांच्यासमोर कबूल करावं लागलं.

आमच्या साहेबांबद्दलही सांगते, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. गेल्या वर्षी तीन नवी मुलं लॅबमध्ये रुजू झाली. पहिल्याच दिवशी त्यांतली एक मुलगी मला म्हणाली, “मॅडम, दोन तारांचा तो लेख तुमचाच ना? साहेबांनी वाचून यायला सांगितलं होतं.” साहेब मला त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. यंदा प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव आहे.

हे पत्र साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, घरच्या कॉम्प्युटरवरून आणि स्वतःच्या मेलवरून पाठवत आहे. आपल्या नियमाप्रमाणे पूर्ण नाव आणि पत्ता सोबत दिला आहे. मात्र तो छापू नये ही विनंती. माझी हरकत नाही, पण माझ्या नावावरून साहेब आणि सर दोघेही ओळखू येतील, आणि त्यांची परवानगी मी घेतलेली नाही.

आपली,
एक वाचक